घाम कोणाचा, पाणी कोणाचे?

ग्रामविकास हा शब्द आता इतका गुळगुळीत झाला आहे की तो कोणालाच बोचत नाही. मंत्र्यांपासून कारखान्याच्या अध्यक्षांपर्यंत सर्वांनाच खेड्यांचा विकास हवा असतो. वेशीवर कमान उभी राहते, समाजमंदिराला रंग लागतो, पुढाऱ्यांच्या नावाची कोनशिला बसते आणि गाव विकसित झाल्याचे जाहीर होते. विकास सर्वांना हवा असेल, तर त्याला विरोध तरी कोणाचा आहे? हा प्रश्न विचारला की मात्र सभेत शांतता पसरते.

१९७२ च्या दुष्काळाची आठवण या ठिकाणी केली पाहिजे. त्या वर्षी लाखो माणसे दुष्काळी कामांवर राबत होती. त्यातूनच रोजगार हमीची कल्पना राज्यभर रुजली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि १९७९ पासून तो अमलात आला. कामाचा हक्क कायद्याने मान्य करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य ठरले. त्यामागे श्रमिकांच्या संघर्षाचे बळ होते, याचा अभिमान आपण जरूर बाळगावा. परंतु त्या कामांतून जे पाझर तलाव आणि बंधारे झाले, त्यांचे पाणी कोणाच्या विहिरीत पाझरले? ज्यांची जमीन तलावाखाली होती, त्यांच्या! माती वाहणाऱ्या भूमिहीन बाईला दिवसाची मजुरी मिळाली, पाण्याची मालमत्ता मात्र बागाईतदाराच्या खात्यावर जमा झाली. जमीन ज्याची, तिच्या पोटातले पाणीही त्याचेच, ही इंग्रजी अमदानीतल्या १८८२ च्या कायद्याने दृढ केलेली समजूत स्वराज्यातही हलली नाही.

म्हणूनच योजनांची नावे बदलली तरी गावाचे चित्र बदलत नाही. २०१४ च्या अखेरीस जलयुक्त शिवार अभियान आले आणि २०१९ पर्यंत महाराष्ट्र दुष्काळमुक्त करण्याची घोषणा झाली. २०१६ साली लातूरकरांना रेल्वेने पाणी पुरवावे लागले. २०१८ च्या ऑक्टोबरात १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर करावा लागला. पाणी अडविणे हे चांगलेच काम आहे. पण अडविलेले पाणी कोणी, किती आणि कोणत्या पिकासाठी उपसावे, याचा निर्णय कोणी करीत नाही. मग ज्याची विहीर खोल आणि पंप मोठा, तोच पाण्याचा धनी होतो. ऊस वाढतो, आणि शेजारच्या वस्तीतील बाया हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात.

'भूमिहीनाला पाणी देऊन तो करणार काय?' असा सवाल शहाणे लोक करतात. त्याचे उत्तर याच मातीत देऊन झाले आहे. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी उभारलेल्या पाणी पंचायतीने पाण्याची वाटणी जमिनीवर न करता माणशी केली. दर माणशी अर्धा एकर, कुटुंबाला कमाल अडीच एकर, उसाला बंदी, आणि जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जाणार नाही. भूमिहीनालाही त्यात वाटा होता, कारण पाणी हाती असले की कसायला जमीन वाट्याने मिळू शकते. सांगली जिल्ह्यात येरळा नदीवर बलवडी-तांदुळवाडीच्या श्रमिकांनी बळीराजा धरण उभारले, तेही समन्यायी वाटपाच्या निर्धाराने. आटपाडीच्या पाणी परिषदांतून नागनाथअण्णा नायकवडी यांनी हीच मागणी हजारोंच्या तोंडी घातली.

हे प्रयोग सर्वत्र का पसरले नाहीत? ते फसले म्हणून नव्हे; ते सार्वत्रिक झाले तर गावातील सत्तेची उतरंडच ढासळेल म्हणून! आणि येथे आपणही आरशात पाहिले पाहिजे. आपल्या मोर्चांतून टँकरची मागणी झाली, मजुरीवाढीची झाली. पण पाण्यावरच्या मालकीचा प्रश्न आपण क्वचितच ऐरणीवर आणला. बागाईतदार आपलाही मतदार आहे, हे भान आपल्या जिभेला लगाम घालीत राहिले.

तेव्हा कार्यकर्त्यांनी पुढच्या ग्रामसभेत कमानीचा ठराव येईल तेव्हा उभे राहून एवढेच विचारावे: या गावात पाणी किती, उपसतो कोण, आणि ज्यांनी बांध घातला त्यांचा वाटा कोणता? या प्रश्नाने काही मित्र दुरावतील. दुरावोत! घाम गाळणाऱ्याचा पाण्यावरचा हक्क जो मान्य करीत नाही, तो विकास गावाचा नव्हे, गावातील मूठभरांचा आहे.