शिक्षा संपली, कुलूप तसंच

मी गोदीत काम करतो. तिथं विषारी मालाच्या पिंपावर कवटीचं चित्र असतं. सोबत लिहिलेलं असतं, आत काय आहे, गळलं तर काय करायचं. माणसावर कवटी चिकटवली की एवढंही कुणी लिहीत नाही.

इंग्लंडात १९९९ साली सरकारनं असं लेबल काढलं : ‘धोकादायक आणि तीव्र व्यक्तिमत्त्व विकार’. हे डॉक्टरी निदान नव्हे, सरकारी कचेरीतलं नाव. १९९६ साली केंटमध्ये एका आईचा आणि तिच्या सहा वर्षांच्या पोरीचा खून झाला होता. ज्याला शिक्षा झाली, त्याला व्यक्तिमत्त्व विकार होता. तेव्हाच्या १९८३च्या कायद्यात अट होती : उपचारानं सुधारणा होणार नसेल किंवा बिघाड थांबणार नसेल, तर अशाला इस्पितळात डांबता येत नाही. लोक भडकले. भडकणारच. मेलेल्या पोरीपुढं मी शहाणपणा शिकवणार नाही.

पण पुढं बघा काय केलं. ब्रॉडमूर आणि रॅम्प्टन या कडेकोट बंदोबस्ताच्या इस्पितळांत खास विभाग उघडले. कैद्याची शिक्षा संपत आली की त्याला तुरुंगातून तिथं हलवायचं. शिक्षेला तारीख होती, उपचाराला नाही. २००७ साली ती जुनी अटही काढली. सुधारणा करण्याचा हेतू असला की झालं! २०११ पासून ही योजना गुंडाळत आणली, पण सवाल गुंडाळला गेला नाही.

याच इंग्रजांनी १८७१ साली आपल्याकडच्या जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या होत्या. म्हणून हे लेबल मला ओळखीचं वाटतं. फरक आहे, दोस्तांनो. त्यांनी काही केलं नव्हतं, यांच्यातल्या अनेकांनी भयंकर केलंय. पण उद्या काय करशील याची सजा आज भोगायला लावणं, ही रीत तीच.

अशी माणसं सुधारतच नाहीत, असं म्हणणाराही थापा मारतो. ग्रेंडन तुरुंगात १९६२ पासून कैदी स्वतःच्या मर्जीनं गटात बसतात, एकमेकांपुढं आपल्या गुन्ह्याचा हिशेब मांडतात. वर्षानुवर्षं चालणारं काम आहे ते.

मग ते शिक्षेच्या पहिल्या वर्षीच सुरू करा ना! शेवटच्या महिन्यात डॉक्टर आठवतो, तेव्हा तो बरं करायला येत नाही. दुसरं कुलूप लावायला येतो. तुरुंगच हवा असेल तर त्याला तुरुंग म्हणा, साला. इस्पितळाची पाटी लावू नका.