प्रतिबंध कोणाचा आणि कोणासाठी?

टेक्सस राज्याच्या मतदारांनी ४ नोव्हेंबर २०२५ रोजी राज्यघटनेत दुरुस्ती करून स्मृतिभ्रंशाच्या संशोधनासाठी व प्रतिबंधासाठी सरकारी तिजोरीतून ३ अब्ज डॉलर बाजूला काढण्यास संमती दिली. खासगी भांडवलाची आरती ओवाळण्यात तेथील राज्यकर्ते कधीच मागे नव्हते. बाजारपेठ हे काम करीत नाही, याची ही त्यांच्याच तोंडची कबुली होय. २००७ साली कर्करोग संशोधनासाठी याच राज्याने कर्जरोख्यांतून तेवढीच रक्कम उभारण्याचे ठरविले होते. नवी संस्था त्याच धर्तीवर आहे.

या निर्णयाला विरोध करण्याचे समाजवाद्यांना कारण नाही. खटकतो तो संस्थेच्या नावातील ‘प्रतिबंध’ हा शब्द. ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशास हातभार लावणारे १४ घटक नोंदविले व ते दूर झाल्यास जगातील सुमारे ४५ टक्के रुग्णांचा आजार टळू अथवा लांबू शकेल, असा अंदाज दिला. त्यांत अपुरे शिक्षण आहे, दूषित हवा आहे आणि मध्यमवयातील रक्तदाब, मधुमेह, बहिरेपणही आहे. म्हणजे वार्धक्यातील या व्याधीची बीजे चाळिशी-पन्नाशीतच पडतात. आणि नेमक्या त्याच वयाच्या गरीब कामगाराला टेक्ससमध्ये आरोग्यविम्याचे छत्र नसते. २०१० च्या संघीय कायद्याने अल्प उत्पन्नाच्या प्रौढांना ‘मेडिकेड’ योजनेत घेण्याची वाट मोकळी केली, त्यांच्यावरील ९० टक्के खर्च संघराज्य सोसते. तरीही टेक्ससच्या सरकारने हा विस्तार स्वीकारलेला नाही. विमा नसलेल्यांचे प्रमाण अमेरिकेत सर्वाधिक आहे तेही याच राज्यात! प्रयोगशाळांना वर्षाकाठी ३० कोटी डॉलरपर्यंत अनुदान द्यावयाचे आणि उन्हात छपरे घालणाऱ्या मजुराच्या रक्तदाबाच्या गोळीची सोय मात्र करावयाची नाही, हा कोणत्या जातीचा प्रतिबंध?

पासष्टीनंतर ‘मेडिकेअर’ मिळते खरी. परंतु दीर्घकाळच्या देखभालीचा भार ती उचलत नाही. तो घरातील बायको किंवा लेक बिनपगारी वाहते.

औषधाची कथाही निराळी नाही. २०२३ साली मान्यता मिळालेले लेकानेमॅब आजार बरा करीत नाही, त्याची गती थोडी मंदावते. जाहीर किंमत मात्र वर्षाला २६,५०० डॉलर. करदात्यांच्या पैशातून उद्या एखादे अधिक गुणकारी औषध निघालेच, तर त्याच करदात्याला ते कोणत्या भावाने मिळणार, हे अनुदानाच्या करारातच लिहून घेतले पाहिजे. शोध लागल्यावर कंपनीशी घासाघीस करण्याइतके बळ सरकारांच्या हाती क्वचितच उरते.