आधी खुंट, मग गोळी



जंगलपट्टीत आदिवासी उठला की सरकार विचारतं, "पहिला दगड कोणी मारला?" आम्ही म्हणतो, जमिनीत पहिला खुंट कोणी ठोकला ते आधी विचारा.

बोगनव्हिल नावाचं एक बेट आहे. लांब समुद्रात, पापुआ न्यू गिनी या देशात. माणसं आपल्यासारखीच, जमीन कसून जगणारी. तिथं बहुतेक कुळांत जमीन आईकडून मुलीकडे जाते. ऑस्ट्रेलियाचं राज्य होतं तेव्हा पांगुनाच्या डोंगरात तांबं सापडलं. कायदा काय म्हणाला? वरची जमीन तुमची, खालचं खनिज सरकारचं. आपल्याला हे नवीन नाही! 1969 मध्ये रोरोवाना गावात कंपनीच्या बंदरासाठी मोजणी आली. बायांनी मोजणीचा खुंट उपटला. पोलिसांनी लाठ्या चालवल्या, अश्रुधूर सोडला.

1972 पासून तांबं निघू लागलं. 1975 ला देश स्वतंत्र झाला, खाण तशीच चालू. सगळा गाळ जाबा नदीत. मासे गेले, काठची शेतं गेली. रॉयल्टी शंभराला सव्वा रुपया, त्यातले जमीनमालकांना पाच टक्के. हिशेब करा: सोळाशेच्या मालामागे एक रुपया!

लोकांनी मागण्या केल्या, कोणी ऐकलं नाही. 1988 च्या शेवटी खाणीचे विजेचे मनोरे उडवले गेले. 1989 मध्ये खाण बंद पडली. सैन्यही आलं. 1990 ला बेटाची नाकेबंदी झाली, औषधंसुद्धा अडवली. दहा वर्षं हे चाललं. हजारो माणसं मेली, कितीतरी नुसती औषधावाचून. पुढं तर बेटावरचेच लोक दोन बाजूंना उभे राहून एकमेकांना मारू लागले.

शहाणे लोक म्हणतात, जिथं खनिज तिथं यादवी. जणू तांब्याच्याच अंगात भूत आहे! तांबं डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या पडून होतं, त्यानं कोणाचा जीव घेतला नाही. युद्ध आणलं ते न विचारता घेणाऱ्यांनी.

आणि आपल्या पोरांनाही आम्ही सांगतो. बंदुकीनं खाण बंद पडली हे खरं. पण किंमत कंपनीच्या साहेबांनी मोजली नाही, त्याच आयाबायांनी मोजली. शेवटी 2001 चा करार समोरासमोर बसूनच झाला. मग आधीच का नाही बसले? कारण जमिनीच्या मालकाला 'नाही' म्हणायचा हक्कच नव्हता.

आपल्याकडं 1996 चा पेसा कायदा सांगतो, जमीन घेण्याआधी ग्रामसभेशी सल्लामसलत करा. सल्लामसलत म्हणजे काय? साहेब आला, चहा प्याला, सह्या घेऊन गेला? आम्हाला नुसता सल्ला नको. संमतीचा हक्क पाहिजे.

म्हणून गावात मोजणीचा खुंट दिसला की त्याच दिवशी ग्रामसभा बोलवा. ठराव वहीत लिहा, बायांच्या सह्या-अंगठे आधी. नक्कल पाठवा, पोच घ्या. कोऱ्या कागदावर अंगठा द्यायचा नाही. खुंटाच्या दिवशीच गाव बोललं, तर गोळीचा दिवस टळेल.

जिंदाबाद!