गोळी चालू असतानाचा अहवाल

‘थायरॉइडचा रिपोर्ट नॉर्मल आला, आता गोळी बंद करू का?’ हा प्रश्न दवाखान्यात आठवड्यातून एकदा तरी कानी पडतोच. विचारणाऱ्याचा हेतू साधा असतो. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्यांनी डबी आधीच भरलेली असते. त्यातली एखादी कमी झाली तर बरेच. परंतु निदानासाठी केलेली तपासणी आणि उपचार चालू असताना केलेली तपासणी यांचे अर्थ वेगळे असतात. पहिलीतून आजार आहे की नाही हे कळते, दुसरीतून मात्रा योग्य आहे की नाही एवढेच. गोळी घेत असताना टीएसएच योग्य आला, तर तो त्या गोळीचा परिणाम आहे. ती थांबवल्यास बहुतेकांचा टीएसएच काही आठवड्यांत पुन्हा चढू लागतो.

टीएसएच हे थायरॉइडचे स्वतःचे संप्रेरक नाही. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी त्याद्वारे थायरॉइडला हुकूम सोडते. शरीरात थायरॉइडचे संप्रेरक कमी पडले की हुकमाचा आवाज चढतो, जास्त झाले की तो बसतो. म्हणून टीएसएच वाढला तर गोळी अपुरी पडत आहे, फार घटला तर ती जास्त होत आहे, असे हे उलटे गणित आहे. मात्रा बदलल्यानंतर हा हिशेब स्थिरावण्यास ६ ते ८ आठवडे लागतात. पंधरा दिवसांनी उत्सुकतेपोटी केलेल्या तपासणीतून फारसे काही हाती लागत नाही.

अहवालातला आकडा वाढलेला दिसला की मात्रा वाढवण्याची घाई होते. त्याआधी आपण गोळी कशी घेता, हे आठवून पाहा. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी आणि त्यानंतर चहा-न्याहारीसाठी निदान अर्धा तास, शक्य तर तासभर थांबावे. कॅल्शियम व लोहाच्या गोळ्या तिच्यापासून ४ तास दूर ठेवाव्यात. ज्येष्ठांच्या घरांत नेमके येथेच बिनसते. हाडांसाठी कॅल्शियम सुरू होते, सून किंवा मुलगा सोयीसाठी सकाळच्या सगळ्या गोळ्या एकाच वाटीत काढून देतो. कॅल्शियम थायरॉइडच्या गोळीचे शोषण अडवते आणि टीएसएच चढतो. मग मात्रा वाढते. पुढे कधीतरी कॅल्शियमचा कोर्स संपतो, वाढवलेली गोळी पूर्णपणे अंगी लागू लागते आणि टीएसएच तळाला जातो. आजींना धडधड होते, झोप लागत नाही, वजन उतरते. आणि सर्वजण ‘वय झाले’ म्हणून सोडून देतात.

उतारवयात ही अतिमात्रा धोक्याची असते. तिच्यामुळे एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता, उद्भवू शकते. त्यातून रक्ताची गुठळी होऊन पक्षाघाताची भीती असते. हाडेही विरळ होतात. वयाबरोबर टीएसएच थोडा वाढणे स्वाभाविक आहे, हेही ध्यानात असू द्यावे. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत ७० ते ८० वर्षे वयाच्या रुग्णांसाठी टीएसएच ४ ते ६ च्या दरम्यान ठेवण्याचा विचार करावा, असे म्हटले आहे. पुष्कळ प्रयोगशाळांच्या कागदावर मात्र सर्व प्रौढांसाठी एकच मर्यादा छापलेली असते. त्यामुळे पंचाहत्तरीच्या आजोबांचा ५.२ हा आकडा ठळक अक्षरांत आला, तरी तेवढ्यावरून मात्रा वाढवण्याचे कारण नाही. थायरॉइडच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्यांची गोष्ट निराळी. त्यांच्यापैकी काहींचा टीएसएच मुद्दामच कमी ठेवलेला असतो.

केस गळतात म्हणून अनेकजण बायोटिनच्या गोळ्या घेतात. औषधे विचारली असता त्यांचा उल्लेखही करीत नाहीत, कारण ते ‘औषध’ वाटत नाही. काही तपासणी-पद्धतींत हे बायोटिन अडथळा आणते. टीएसएच खोटाच कमी आणि टी-फोर खोटेच जास्त दिसू शकते. रक्त देण्यापूर्वी निदान २ दिवस ते बंद ठेवावे. त्या दिवशीची थायरॉइडची गोळीही नमुना दिल्यानंतर घेतलेली बरी.

आता जीवनसत्त्वांकडे वळू. ‘ड’ जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी सहसा आठवड्याला एक, अशी ठरावीक आठवडेच द्यायची असते. ती पुढे वर्षभर तशीच चालू ठेवणारी मंडळी मी पाहतो. हे जीवनसत्त्व शरीरात साठते. अहवालातला आकडा १०० नॅनोग्रॅमच्या पुढे गेला असेल आणि सोबत बद्धकोष्ठता, मळमळ, सततची तहान किंवा बोलण्यात गोंधळ असेल, तर पुडी थांबवून कॅल्शियम व क्रिएटिनिन तातडीने तपासून घ्यावे. मुलांकडे इंग्लंडला राहून आलेल्यांनी एककही पाहावे. तिकडचे ५० नॅनोमोल म्हणजे आपल्याकडचे २० नॅनोग्रॅम. आकडा निम्म्याहून कमी दिसला, म्हणून घसरण झाली असे नव्हे.

बी-ट्वेल्व्हचे उलट आहे. इंजेक्शनांनंतर तो २,००० च्या वर गेलेला दिसतो आणि घरचे घाबरून उपचार थांबवतात. हा आकडा सहसा अपायकारक नसतो. सुई नुकतीच टोचली आहे, एवढेच तो सांगतो. सुधारणा पाहायची ती हिमोग्लोबिनमध्ये, तांबड्या पेशींच्या आकारात, पायांच्या मुंग्यांत आणि चालताना जाणाऱ्या तोलात. नसा सावरण्यास कित्येक महिने लागतात. शाकाहार, मेटफॉर्मिन किंवा दीर्घकाळ घेतलेली आम्लपित्ताची गोळी हे मूळ कारण कायम असेल, तर पूरक मात्रा पुढेही घ्यावी लागते.

पुढच्या भेटीस येताना केवळ ताजा अहवाल आणू नका. मागचे दोन-तीन अहवाल, शक्य तर एकाच प्रयोगशाळेचे, सोबत असावेत. त्यांच्या मागे तारीख, तेव्हाची गोळीची मात्रा, ती कोणत्या वेळी घेत होतात आणि त्या काळात नवे काय सुरू झाले होते, हे पेन्सिलीने लिहून ठेवा. गोळ्यांची डबीही पिशवीत टाका, ‘औषध नसलेल्या’ गोळ्यांसकट.