आधी निदान, मग पाना

जुन्या गाड्यांच्या जाहिरातीत एक वाक्य हमखास असतं : ‘इंजिन मक्खन, फक्त बॅटरी टाकायची आहे.’ बाईक असो, ट्रॅक्टर असो की सध्या रील्समध्ये चिखल उडवत फिरणारी एटीव्ही, हे वाक्य वाचून आपण खूश होतो. बॅटरीच ना? टाकू की! पण बॅटरी गेली कशामुळे, हे जाहिरातीत लिहिलेलं नसतं आणि घेणाराही विचारत नाही. पुढच्या सहा महिन्यांचा खर्च त्या न विचारलेल्या प्रश्नात असतो.

समजा, किकवीतल्या तिघा मित्रांनी पैसे जमवून अशी एक जुनी एटीव्ही घेतली. किकवी हे भोर तालुक्यातलं, पुणे-सातारा महामार्गावरचं गाव. शनिवार-रविवारी राजगड, भाटघर, वरंध घाटाकडे निघालेल्या पुण्याच्या गाड्या याच पट्ट्यातून जातात. घरची जमीन आहे, कृषी पर्यटनाचा बोलबाला आहे. पाहुण्यांना बांधावरून एक फेरी मारून आणायची, त्यातून कॉलेजची फी निघेल, असा साधा हिशेब. या हिशेबाला नावं ठेवायचं काही कारण नाही. एकच गोष्ट आधी लक्षात ठेवायची. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक एटीव्हींची आरटीओत नोंदणी होत नाही. त्यामुळे गाडी खासगी जागेतच चालवायची, महामार्गावर किंवा सर्व्हिस रोडवर आणायची नाही.

आता पहिल्याच पावसात गाडी बंद पडते. नवी बॅटरी टाकली जाते. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. मग कुणीतरी म्हणतं, सेल्फची मोटर गेली असेल. ती बदलतात. मग कॉइल, मग रेग्युलेटर. चार पार्ट नवे झाले, जमवलेले पैसे संपले आणि गाडी शेडमध्येच. शेवटी एक अनुभवी मिस्त्री येतो आणि सीटखाली इंजिनला जोडलेली, गंजून हिरवी पडलेली अर्थची वायर दाखवतो. ती काढून, घासून, घट्ट बसवली की काम झालं. खर्च म्हणाल तर एका पॉलिश पेपरचा!

असं का होतं? ‘मेकॅनिक लुटतात’ हे सोपं उत्तर आहे, पण ते अर्धवट आहे. मिस्त्रीनं तासभर बसून दोष शोधला आणि एक नट आवळून गाडी चालू केली, तर आपण म्हणतो, ‘एवढुशा कामाचे पाचशे?’ तोच मिस्त्री दोन हजारांचा पार्ट टाकतो तेव्हा आपण गुपचूप पैसे देतो. म्हणजे आपण पार्टचे पैसे देतो, डोक्याचे देत नाही. जिथे निदानाला किंमत नाही तिथे पार्ट बदलण्याचा धंदा वाढणारच. ही सवय गिऱ्हाइकानं लावलेली आहे, आणि ती गिऱ्हाइकालाच मोडावी लागेल.

त्यासाठी थोडं निदान स्वतःला यायला हवं. वाटतं तितकं ते अवघड नाही. काही शे रुपयांचा मल्टीमीटर आणि एक वही एवढ्यावर सुरुवात होते. पहिला नियम : एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय फरक पडला ते लिहून ठेवायचं. प्लग, फिल्टर, पेट्रोल तिन्ही एकदम बदललं आणि गाडी चालू झाली, तर दोष कशात होता हे कधीच कळत नाही. दुसरा नियम : फुकटात तपासता येतं ते आधी तपासायचं. अनेक एटीव्ही न्यूट्रलमध्ये नसतील किंवा ब्रेक दाबलेला नसेल तर स्टार्टच होत नाहीत. हँडलवरचं किल स्विच ‘ऑफ’ राहिलेलं असतं. टाकीचा कॉक बंद असतो. शेडमध्ये उभ्या गाडीची वायर उंदरानं कुरतडलेली असते. हे सगळं बघायला एक पैसाही लागत नाही.

मग त्या ‘फक्त बॅटरी’कडे वळायचं. बारा व्होल्टची चांगली, पूर्ण चार्ज झालेली बॅटरी काही तास नुसती ठेवली तर मीटरवर साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना आकडा खाली येतो, पण तो साडेनऊच्या खाली कोसळला तर बॅटरी थकलेली आहे. गाडी चालू करून थोडी रेस द्या. बॅटरीच्या टोकांवर साडेतेरा ते साडेचौदाच्या आसपास व्होल्ट दिसायला हवेत. आकडा बाराच्या घरातच अडकला, तर गाडी बॅटरी चार्जच करत नाही. दोष स्टेटरमध्ये, रेग्युलेटरमध्ये किंवा त्यांच्या कनेक्टरमध्ये आहे. नवी बॅटरीही काही दिवसांत बसणार. आकडा पंधराच्या वर गेला, तर रेग्युलेटर बॅटरीला जाळतो आहे. तिसरी चाचणी अर्थची. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर धरून सेल्फ मारा. अर्धा व्होल्ट किंवा त्याहून जास्त दिसला, तर अर्थच्या वायरीत किंवा तिच्या जोडात अडथळा आहे. तीन चाचण्या, दहा मिनिटं. आपल्या तिघा मित्रांचे चारही पार्ट वाचले असते.

फ्यूज वारंवार उडत असेल तर मोठा फ्यूज टाकायचा नाही आणि चांदी गुंडाळायची तर मुळीच नाही. फ्यूज उडतो म्हणजे कुठेतरी वायर शॉर्ट आहे. फ्यूज वाचवला तर वायरिंग जळतं, आणि वायरिंगच्या वरच पेट्रोलची टाकी असते.

इंजिनाचंही तसंच. त्याला तीन गोष्टी लागतात : योग्य प्रमाणात हवा-पेट्रोल, वेळेवर ठिणगी आणि पुरेसं कॉम्प्रेशन. गाडी बंद आहे म्हणजे या तिघांपैकी काहीतरी कमी आहे. प्लग काढून बघा. फिकट तपकिरी असेल तर ठीक. कोरडा काळा काजळीचा असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा एअर फिल्टर तुंबलाय. पांढरट असेल तर पेट्रोल कमी पडतंय. तेलकट असेल तर इंजिन ऑइल जाळतंय. अशी गाडी घेण्याआधी दोनदा विचार करा. कार्ब्युरेटरची गाडी चोक ओढल्यावरच चालत असेल तर जेट तुंबलाय असं समजायला हरकत नाही. महिनोन् महिने उभ्या गाडीत पेट्रोल शिळं होऊन त्याचा चिकट थर बसतो. शिवाय आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतली ओल शोषतं. पावसाळाभर टाकीत पेट्रोल ठेवलं तर तळाशी पाणी साचू शकतं. गाडी दहा मिनिटं छान चालून बंद पडते आणि टाकीचं झाकण उघडताच ‘फुस्स’ आवाज येतो? मग झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. बेल्टवर चालणाऱ्या एटीव्हीत रेस वाढते पण गाडी पुढे सरकत नसेल तर बेल्ट झिजलाय किंवा त्यात पाणी गेलंय. भाताच्या खाचरातून फिरवलेल्या गाडीला हा आजार होणारच.

एवढं सगळं सांगूनही एक मुद्दा याच्याही आधी येतो. जुनी गाडी हातात आली की सगळ्यांची घाई ती चालू करण्याची असते. खरं तर ती थांबते का आणि वळते का, हे आधी बघायला हवं. ब्रेक लिव्हर दाबल्यावर स्पंजसारखा लागला तर लाइनमध्ये हवा आहे. चाक वर उचलून दोन्ही हातांनी हलवा. खडखड झाली तर बेअरिंग, बॉल जॉइंट किंवा टाय रॉडचा एंड गेलाय. सेल्फ चालू नसेल तर गाडी जागेवर उभी राहते, कुणाला इजा होत नाही. टाय रॉड सुटला तर गाडी बांधावरून खाली जाते, आणि आपल्या मित्रांच्या धंद्यात मागच्या सीटवर कुणाचं तरी लहान मूल बसलेलं असणार आहे. म्हणून हेल्मेट सक्तीचं, आणि एकट्यासाठी बनवलेल्या गाडीवर दोघं बसवायचे नाहीत.

जगानं हा धडा महागात शिकला आहे. होंडानं १९७० मध्ये अमेरिकेत तीनचाकी एटीव्ही बाजारात आणली. फुगीर टायरची ती गाडी तुफान लोकप्रिय झाली. पण ती वळणावर उलटायची. अपघात इतके वाढले की १९८८ मध्ये तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाशी झालेल्या करारानंतर कंपन्यांनी नव्या तीनचाकी एटीव्ही विकणं थांबवलं. चारचाकी एटीव्ही तुलनेनं स्थिर, पण उलटत नाही असं नाही.

इंजिनिअरिंगच्या मित्रमैत्रिणींना हे नवं नाही. ‘बाहा एसएईइंडिया’ ही स्पर्धा २००७ पासून होते आणि पिथमपूरच्या ट्रॅकवर पुण्याच्या कॉलेजांच्या टीम स्वतः बनवलेल्या एटीव्ही घेऊन जातात. तिथे शर्यतीआधी ब्रेक टेस्ट असते. चारही चाकं एकदम लॉक झाली नाहीत तर गाडी ट्रॅकवर उतरूच देत नाहीत, इंजिन कितीही मक्खन असो. दोन किल स्विच चालतात का, हेही तपासतात. हीच शिस्त किकवीच्या शेडमध्ये का असू नये?

इथेच कॉलेजांना एक सांगणं आहे. स्पर्धा संपली की सीनियर्सनी बनवलेली गाडी अनेक ठिकाणी वर्कशॉपच्या कोपऱ्यात धूळ खात पडते. ती बंद गाडी म्हणजे फुकटची प्रयोगशाळा आहे. किकवीजवळ धांगवडी, नसरापूर परिसरात इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत आणि महामार्गावर वीस-वीस वर्षं आवाजावरून दोष ओळखणारे मिस्त्री आहेत. महिन्यातला एक शनिवार यांना एकत्र बसवा. आयटीआयच्या मुलांनाही बोलवा. मिस्त्रीला मानधन द्या, ‘गेस्ट लेक्चर’ म्हणा. मल्टीमीटरचे आकडे विद्यार्थी वाचतील, त्या आकड्यांचा गाडीच्या आवाजाशी काय संबंध ते मिस्त्री सांगेल. दोघांकडे जे नाही ते दुसऱ्याकडे आहे.

केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. वाहनं आणि शेतीची अवजारंही त्यात आहेत. कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती ग्राहकाला द्यावी हा त्यामागचा विचार. पण नुसत्या हक्कानं गाडी चालू होत नाही. मॅन्युअल मिळालं तरी ते उघडून वाचणारा आणि मीटर धरणारा हात लागतोच.

तेव्हा जुनी एटीव्ही किंवा बाईक बघायला जाल तेव्हा मल्टीमीटर आणि प्लगचा पाना खिशात ठेवा. इंजिन थंड असतानाच पोचा. विकणाऱ्यानं ते आधीच गरम करून ठेवलं असेल तर कारण विचारा. आधी ब्रेक, मग स्टिअरिंग, मग वायरिंग, शेवटी इंजिन. इंजिनाच्या आतलं काम निघालं तर ते चांगल्या मिस्त्रीकडेच द्या. आणि त्यानं तासभर डोकं लावून नुसता एक नट आवळला, तरी त्या तासाचे पैसे घासाघीस न करता द्या.