इमानी श्वान

फुलबाजी विझली तरी तिची तार तापलेलीच असते. ती अनवाणी पायाखाली आली म्हणजे काय होते, हे दिवाळीच्या दिवसांत कोणाला सांगायला नको. प्रथम टोचल्यासारखी झणकन कळ येते आणि पाय आपोआप वर उचलला जातो. मग क्षणभर उसंत. ‘फारसे भाजले नाही वाटते,’ असे म्हणतो न म्हणतो तोच दुसरी कळ येऊन पोचते. ही मंद, जळजळणारी आणि चांगली रेंगाळणारी. तार एक, पाऊल एक, मग वेदना अशी दोन हप्त्यांत का यावी?

याचे कारण असे की, पायाकडून वर जाणारे टपाल दोन वाटांनी जाते. पहिली कळ आणणारे मज्जातंतू सेकंदाला ५ ते ३० मीटर वेगाने निरोप नेतात. दुसरी कळ आणणारे तंतू सेकंदाला जेमतेम एक मीटर चालतात. एक मेलगाडी, तर दुसरी बैलगाडी! तळपायापासून मेंदूपर्यंतचे अंतर दीड मीटर धरले, तर बैलगाडीला सेकंद-दीड सेकंद लागायचाच. मेलगाडीच्या वेगाचे रहस्य म्हणजे तिच्या तंतूवर चढलेले एक स्निग्ध वेष्टन. त्याचे नाव मायेलिन.

या वेष्टनाची किंमत कळायची असेल तर समुद्रातल्या स्क्विड नावाच्या प्राण्याकडे पाहावे. त्याच्या तंतूला मायेलिन नाही. म्हणून सेकंदाला वीस-पंचवीस मीटर वेग मिळवण्यासाठी त्याला अर्धा मिलिमीटर जाडीचा तंतू बाळगावा लागतो. तोच वेग आपला मायेलिन ल्यालेला तंतू त्याच्या शंभराव्या हिश्शाएवढ्या जाडीत साधतो. वेष्टन सलग नसते. सुमारे मिलिमीटरभर अंतरावर त्यात बारीक खंड असतात आणि निरोप या खंडावरून त्या खंडावर उड्या मारीत जातो. हे वेष्टन नसते, तर आपले हातपाय वागवायला लागणारे मज्जातंतूंचे जुडगे अंगात मावले नसते.

हातापायांतल्या तंतूंवर हे वेष्टन चढवणाऱ्या पेशीचे नाव आहे श्वान पेशी. दचकू नका, कुत्र्याशी तिचा काही संबंध नाही! १८३९ साली प्राणिशरीर पेशींचे बनलेले असते हा सिद्धांत मांडणारे जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर श्वान यांच्यावरून ते नाव पडले. पण योगायोग असा की, मराठीत हे नाव तिला अगदी शोभून दिसते. ही पेशी आयुष्यभर एका धन्याच्या अंगाला बिलगून असते आणि त्याच्या हुकुमावाचून काही करीत नाही.

वेष्टन चढते कसे, हे १९५४ साली बेटी गेरेन या अमेरिकन संशोधक बाईंनी दाखवले. कोंबडीच्या गर्भातील मज्जातंतू त्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा दिसले की श्वान पेशी आपला पातळ पदर तंतूभोवती फेऱ्यामागून फेरे घेत गुंडाळते. सुरळीची वडी आडवी कापली की जशी दिसते, तसेच हे दृश्य! जाड तंतूवर असे पन्नास-शंभर पदरही असतात, आणि पदरांमधला द्रव पिळून निघून तिथे मुख्यतः स्निग्ध द्रव्य राहते.

आता खरा प्रश्न. काही तंतूंवर वेष्टन चढते, काहींवर चढत नाही. जाड तंतूला जाड आणि बारीक तंतूला पातळ वेष्टन मिळते. हे माप घेतो कोण? शिंपी की गिऱ्हाईक? १९७६ साली माँट्रियलच्या अग्वायो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर एक युक्ती केली. ज्या मज्जेवर मायेलिन जवळजवळ नसते, तिथल्या श्वान पेशी त्यांनी मायेलिनवाल्या मज्जेत नेऊन बसवल्या. जन्मात कधी वेष्टन न केलेल्या त्या पेशींनी नव्या धन्याच्या अंगावर निमूटपणे वेष्टन चढवले. म्हणजे हुकूम तंतूचा. पेशी नुसती ताबेदार.

हा हुकूम कोणत्या भाषेत दिला जातो, ते पुढे कळले. तंतूच्या पृष्ठभागावर न्यूरेग्युलिन नावाचे प्रथिन असते. श्वान पेशीच्या अंगावर ते ओळखणारे दोन जोडीदार ग्राहक असतात. त्यांना एर्ब-बी-२ आणि एर्ब-बी-३ म्हणतात. शीळ आणि कान म्हणा ना! २००४ साली जर्मनीतील ग्योटिंगेन येथील संशोधकांनी दाखवले की, उंदरांत न्यूरेग्युलिन निम्मे झाले तर वेष्टन पातळ होते आणि वाढवले तर ते जाड होते. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या प्रयोगशाळेत एरवी उघडे राहणाऱ्या तंतूंना हे प्रथिन जास्त करायला लावले. त्यांच्यावर चक्क मायेलिन चढले. शीळ हळू वाजली तर श्वान पेशी नुसती जवळ घेऊन बसते. पुरेशी जोरात वाजली तरच गुंडाळायला लागते.

पेशीच्या आत हा निरोप हातोहात केंद्रकापर्यंत जातो आणि तिथे क्रॉक्स-२० नावाची मुख्य कळ दाबली जाते. ती नसलेल्या उंदरांत श्वान पेशी तंतूला एकदा कवेत घेते आणि तिथेच अडून बसते. माप बिघडले तरी पंचाईत होते. शार्को-मारी-टूथ या आनुवंशिक विकाराच्या सर्वांत सामान्य प्रकारात मायेलिनमधल्या एका प्रथिनाचे जनुक दोनाऐवजी तीन प्रती इतके असते. एवढ्याशा जादा मालाने वेष्टन विस्कटते आणि पावले व हात हळूहळू दुबळे होत जातात.

२०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या भागात ‘गियाँ-बारे’ हा शब्द घरोघरी पोचला. पोटात गेलेल्या जंतूंशी लढायला निघालेली शरीराची फौज या रोगात स्वतःच्याच मज्जांवर उलटते. कधी मायेलिनवर, कधी थेट तंतूवर. तरीही बहुतेक रोगी काही महिन्यांत चालू लागतात. जिथे नुसते वेष्टन गेले असेल, तिथे श्वान पेशी ते पुन्हा चढवतात, जरी पूर्वीपेक्षा पातळ. तंतूच तुटला असेल, तर त्याच पेशी वेष्टनाचे काम सोडून रांगेने उभ्या राहतात आणि नव्या अंकुराला वाट दाखवतात. तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. डॉक्टर ‘धीर धरा’ म्हणतात, त्यामागे हा हिशेब असतो.

पण इमानी राखणदारालाही फसवणारा एक चोर आहे. तो म्हणजे कुष्ठरोगाचा जंतू. नॉर्वेच्या हान्सेन यांनी १८७३ साली तो शोधला. हा जंतू श्वान पेशीतच घर करतो. २००६ साली रंबुकन्ना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उघड केले की, तो एर्ब-बी-२ या त्याच कानाला परस्पर जाऊन भिडतो. धन्याची शीळ नाही, जोडीदार ग्राहकाची साथ नाही. तरी पेशीत निरोप सुटतो, आणि तो असतो वेष्टन उतरवण्याचा! या रोगातले सगळेच नुकसान या एका वाटेने होत नाही. शरीराच्या प्रतिकारातून मज्जेला येणारी सूजही मोठा घात करते. परिणाम मात्र एकच. तापलेल्या तव्याचा चटका बसतो आणि कळत नाही, चप्पल पायातून निसटते आणि कळत नाही. बोटे झडतात असे लोक म्हणतात. खरे तर न कळलेल्या जखमाच त्यांचा नाश करतात.

आनंदवनाच्या महाराष्ट्राला हे दुःख नवे नाही आणि ते सरलेलेही नाही. जगातल्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतात आढळतात. हा रोग गरिबाघरचाच, असे समजून सुशिक्षित घरांतही अंगावरचा चट्टा बाहीखाली लपवला जातो. रोग सहा महिने ते वर्षभराच्या औषधांनी पुरता बरा होतो, ती औषधे सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात आणि उपचार सुरू झाले की संसर्गाची भीती लवकरच संपते. परंतु गेलेली संवेदना औषधाने हमखास परत येईलच असे नाही. म्हणून यंदा अभ्यंगस्नानाच्या वेळी मुलांच्या पाठीला तेल-उटणे लावाल, तेव्हा जरा लक्ष असू द्या. फिकट किंवा लालसर चट्टा दिसला, तर त्यावर कापसाचा बोळा हलकेच फिरवून ‘कळते का रे?’ असे विचारा. ‘नाही’ असे उत्तर आले, तर भाऊबीज होईपर्यंतही थांबू नका.