शिफारशीची पत

बाजारपेठेत नवे दुकान मांडणाऱ्याला पहिला आधार असतो जुन्या पेढीच्या शब्दाचा. 'माणूस भरवशाचा आहे' एवढे एखाद्या नामांकित व्यापाऱ्याने सांगितले, की अनोळखी घाऊक व्यापारीही उधारीवर माल देतो. संकेतस्थळांच्या जगात हाच शब्द 'लिंक'च्या रूपाने वावरतो.

लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ साली गुगलची स्थापना केली, ती याच तत्त्वावर. एका संकेतस्थळाने दुसऱ्याला दिलेली लिंक ही शिफारस होय आणि शिफारस करणाऱ्याची स्वतःची पत जितकी मोठी, तितके तिचे वजन अधिक. आज गुगल इतर अनेक निकष लावते. परंतु हा निकष अद्याप बाद झालेला नाही.

'गेस्ट पोस्ट' अर्थात पाहुणा लेख यातूनच रुजला. दुसऱ्याच्या संकेतस्थळावर जाणकाराने लेख लिहावा आणि त्यात स्वतःच्या संकेतस्थळाची लिंक असावी, अशी ही रीत. मात्र शिफारशीला मोल आहे हे कळताच तिचा बाजार भरला. एकच मजकूर थोडा फिरवून शेकडो ठिकाणी छापला जाऊ लागला. गुगलने २०१२ साली 'पेंग्विन' या बदलाद्वारे अशा कृत्रिम लिंकांवर बडगा उगारला. जानेवारी २०१४ मध्ये गुगलच्या तत्कालीन वेबस्पॅम विभागाचे प्रमुख मॅट कट्स यांनी केवळ लिंक मिळवण्यासाठी पाहुणे लेख लिहिणे थांबवावे, असे स्पष्ट बजावले. ओळख वाढावी, नवा वाचक मिळावा यासाठी असे लेख लिहिण्यास हरकत नाही, हेही त्यांनी नंतर नमूद केले.

म्हणूनच 'महिन्याला पन्नास गेस्ट पोस्ट, पहिल्या पानाची हमी' असा प्रस्ताव दुकानी आला, तर व्यापाऱ्याने सावध राहावे. विकत घेतलेल्या लिंका गुगलने ओळखल्या, तर बहुधा त्या हिशेबातच धरल्या जात नाहीत. पैसा मात्र गेलेला असतो. प्रकरण गंभीर असेल, तर संकेतस्थळावर थेट कारवाई होते आणि आधीचे स्थानही हातचे जाते. मोबदला देऊन लेख छापून आणला असेल, तर लिंकेवर 'स्पॉन्सर्ड' ही खूण असावी, असा गुगलचा दंडक आहे.

याउलट उदाहरण पाहावे. एखाद्या सराफाने महिलांच्या लोकप्रिय संकेतस्थळावर हॉलमार्क कसा वाचावा, याविषयी लेख लिहिला. बीआयएसची खूण, शुद्धतेचा '२२के९१६' हा अंक, अक्षरे व अंक मिळून होणारा सहा स्थानांचा एचयूआयडी क्रमांक आणि तो 'बीआयएस केअर' अ‍ॅपवर पडताळण्याची रीत त्याने समजावून सांगितली. हा लेख ग्राहकाच्या कामाचा आहे. तो वाचून काही जण त्या सराफाच्या संकेतस्थळावर जातील, कोणी पुढे त्याचा उल्लेखही करील. क्रमवारी सुधारलीच, तर ती अशा वाटेने, सावकाश सुधारते. न सुधारली, तरी ग्राहकाशी जुळलेली ओळख वाया जात नाही.

प्रस्ताव पारखण्याची कसोटी एकच: लिंक मिळणार नसती, तरीही हा लेख लिहिण्याजोगा ठरला असता काय? उत्तर होकारार्थी असेल, तर लेख अवश्य लिहावा. नकारार्थी असेल, तर तो पैसा मालाची स्वच्छ छायाचित्रे आणि अचूक माहिती स्वतःच्या संकेतस्थळावर मांडण्यासाठी खर्च करणे अधिक शहाणपणाचे.